अंगचोर बैलाचा पाय

गावाकडं मला हाडळ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण कळायचं ते कळतं. आधी ‘हाडांची डॉक्टरीण’ म्हणायचे. मग एक म्हातारी कंबर धरून दारात आली आणि मला तिला सांगावं लागलं, की मावशी, मी माणसांची हाडं बघत नाही, गुरांची बघते. आणि तीही मेलेल्या गुरांची, तीनएक हजार वर्षांपूर्वी मेलेल्या. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तिची कंबर तिथंच सरळ झाली. तेव्हापासून हाडळ. मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो ‘हाडातनं काय डोंबल कळणार’ या वाक्याचा, आणि ते वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा माझ्या वडलांच्या तोंडून ऐकलं आहे.

मी साताऱ्यात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीत जुनी हाडं वाचते. कृष्णाकाठी कुठंकुठं जुन्या वस्त्यांची टेकाडं आहेत. शेतकरी त्यांना पांढर म्हणतात, कारण चुलींची राख, शेण आणि पडलेल्या भिंती मिसळून तिथली माती पांढुरकी झालेली असते. ती रानात टाकली की पीक जोमानं येतं, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक. त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून पांढर उचलली गेली, आणि निम्मं टेकाड उसानं खाऊन झाल्यावर आमच्यासारखे शिकलेले लोक हातात ब्रश घेऊन तिथं पोचले. अशाच एका पांढरीवर खोदकाम झालं. भांडी, मणी वगैरे मानाच्या वस्तू दुसऱ्यांकडं गेल्या आणि हाडांची पोती माझ्याकडं आली.

त्यातली बहुतेक हाडं गुरांची. दात किती झिजलेत त्यावरून जनावराचं वय कळतं. हाडावर धारदार पात्याच्या बारीक रेघा असतात, आतली मज्जा काढायला नळ्या फोडलेल्या असतात, काही हाडं भाजून काळी पडलेली असतात. तेव्हाची माणसं गुरं खात होती, हे इतकं स्वच्छ दिसतं की त्यात वाद घालायला जागा नाही. हे वाक्य मी गावात जेवायला बसल्यावर बोलत नाही. पण त्याच ढिगात म्हाताऱ्या जनावरांचे दातही निघतात, झिजून पार सपाट झालेले. नुसतं खायचं म्हणून कुणी जनावर इतकी वर्षं पोसत नाही. ते दुधासाठी ठेवलेलं असणार, नाहीतर ओढण्यासाठी.

ओढकामाची खूण पायात सापडते. खुराच्या वरची हाडं रुंद होतात, सांध्याच्या कडेनं हाडाची झालर फुटते. त्या पोत्यांत मला मागच्या पायाचा एक सांधा मिळाला होता. त्यातली जी लहान हाडं सुटी असायला हवीत, ती एकमेकांत मुरून त्यांचा एकच गठ्ठा झालेला. ओझं ओढून झालं म्हणावं, तर नुसत्या म्हातारपणानंही असं होऊ शकतं. छातीठोक सांगायचं तर शेजारी ठेवायला असा बैल हवा, ज्यानं जन्मभर काय काम केलं हे कुणाला तरी ठाऊक आहे. असा बैल कुठून आणायचा? बैल गेला की लोक मीठ घालून, हळदकुंकू वाहून पुरतात. तिथं खोरं घेऊन गेलेल्या बाईला हाडळ सोडून दुसरं काय म्हणतील.

मग एका हिवाळ्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा फोन आला. आमचं गाव पलूसच्या बाजूला. बांधाकडेनं पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना गड्याच्या कुदळीला हाडं लागली होती.

“तुझं गिऱ्हाईक निघालंय,” आबा म्हणाले. “त्यो अंगचोर. यायचं तर बिगीनं ये, न्हाईतर चर बुजवतोय.”

अंगचोर हे त्या बैलाचं आमच्या घरातलं नाव. ते कसं पडलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आबा फौजेत होते, सुभेदार होऊन परत आले. ते नोकरीवर असताना सगळी शेती त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे तात्यांनी केली. खिल्लार बैलांची एक जोडी तात्यांनी खोंड असल्यापासून घडवली होती. हंगामात त्या जोडीनं कारखान्याला ऊस ओढायचा आणि बाकीचं वर्ष रानातली कामं करायची. आबा कायमचे घरी आले तोवर जोडीतला डावीकडचा बैल कुचराई करायला लागला होता. सकाळी मानेवर जू आलं की उभा राहायचा, चार पावलं टाकून पुन्हा उभा. दुपार झाली की मात्र बरा चालायचा. आबांनी हे आठ दिवस बघितलं आणि निदान करून टाकलं. पलटणीत त्यांनी असले पुष्कळ बघितले होते. सकाळची परेड म्हटलं की यांच्या पोटात दुखतं, सिक रिपोर्ट करतात, आणि दुपारी व्हॉलीबॉल खेळतात. हा बैल सिक रिपोर्टवाला आहे, अंगचोर आहे, चाबूक दाखवला की सुतासारखा सरळ येईल, असं त्यांचं म्हणणं.

तात्या त्यावर काही बोलायचे नाहीत. मुळातच ते कमी बोलणारे, आणि आबांपुढं तर फारच कमी. उजाडायच्या आत उठून ते त्या बैलाला गावाबाहेर फिरवून आणायचे, मागच्या पायाला निरगुडीचा पाला शेकून बांधायचे. आबा म्हणायचे, लाडानं बिघडवलाय. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आबांनी एकाच बैलाची शिंगं रंगवायला सांगितली, जो काम करतो त्याची. तात्यांनी दोघांची रंगवली, आणि अंगचोराची आधी.

ठिणगी पडली ती उसाच्या भरणीत. ऊस वाढीला लागला की सऱ्यांमधनं बैल घालून बुडख्यांना माती चढवावी लागते, ती भरणी. आभाळ भरून आलेलं, माणसं कामाला लावलेली, आणि हा बैल सरीत बसला तो उठेना. आबांनी चाबूक उचलला. तात्यांनी तो त्यांच्या हातातनं ओढून घेतला आणि त्याची काठी गुडघ्यावर मोडून टाकली. तेव्हा आबा सगळ्या माणसांसमोर म्हणाले, की बैल अंगचोर निघाला यात नवल नाही, त्याचा धनीच अंगचोर. मी सरहद्दीवर असताना यानं शेतात काय उजेड पाडला तो आता दिसतोय.

पुढच्याच आठवड्यात चूल वेगळी झाली. अंगण एकच राहिलं. त्यात कुणी रेघ मारली नाही, पण आबा गोठ्याच्या बाजूला गेले नाहीत आणि तात्या सोप्याच्या बाजूला आले नाहीत. नऊ वर्षं असं चाललं. बैल तात्यांच्या वाटणीला गेला, त्यांनी त्याला हलकी कामं देत पोसला, मेला तेव्हा सामाईक बांधावर पुरला. आबा मातीलासुद्धा गेले नाहीत. गावानं या सगळ्यातनं नेमकं काय लक्षात ठेवलं असेल, तर तो एक शब्द. ज्या माणसानं वीस वर्षं एकट्यानं दोघांची जमीन कसली, त्याला पारावर पोरंटोरंसुद्धा माघारी अंगचोर म्हणायला लागली. मला ते ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची, पण मी आबांना एकदाही काही बोलले नाही. त्यांच्यासमोर मी कायम हजेरीला उभी असल्यासारखी असते.

तर मी गावाला पोचले. आबांनी बोलावलं होतं, पण बैल तात्यांचा होता, म्हणून आधी गोठ्यात गेले. तात्या म्हशीला वैरण घालत होते. मी काय हवंय ते सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. ते बराच वेळ पेंढीची गाठ सोडत राहिले. शेवटी ‘न्ये’ म्हणाले, पण एक अट घातली.

“काय दिसंल ते मला सांग. तुझ्या आबास्नी न्हाई.”

मी शब्द दिला. बैलाचा सबंध सांगाडा मिळणार या आनंदात मी तेव्हा कशालाही शब्द दिला असता.

दोन दिवस खणलं. माती चाळणीतनं काढली, कारण खुराजवळची लहान हाडं सुपारीएवढी असतात आणि हमखास हरवतात. तात्या दोन्ही दिवस बांधावर बसून होते. पहिल्या दिवशी हाताला काही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी उतरून खाली आले आणि मी काढलेलं एकेक हाड धोतराच्या सोग्यानं पुसून पोत्यावर मांडायला लागले. पुढच्या पायाचं कुठलं, मागच्याचं कुठलं, मला एकदाही सांगावं लागलं नाही.

साताऱ्याला आणल्यावर हाडं धुऊन गच्चीवर वाळत घातली. आमच्या इमारतीतल्या लोकांनी याआधी पापडकुरडयांवरून भांडणं केली होती, बैलावरून करायची त्यांची पहिलीच वेळ. एकानं विचारलं की याचा वास येणार का, दुसऱ्यानं विचारलं की हे शुभ असतं का. मी दोघांनाही सांगितलं की रविवारपर्यंत कळेल. हाडं वाळली तशी खाली आणली, पाय टेबलावर जुळवले, आणि डावा मागचा पाय जुळवताना माझा हात थांबला.

सांध्यातली लहान हाडं सुटी नव्हतीच. ती खालच्या लांब हाडाशी एकजीव झाली होती आणि कडेनं हाड असं वाढलं होतं, जसा भात उतू जाऊन पातेल्याच्या काठावर वाळावा. मी कपाटातनं पांढरीवरचा तो सांधा काढला आणि शेजारी ठेवला. माती वेगळी म्हणून रंग वेगळा. बाकी रोग तोच, जागा तीच. आधी मला आनंद झाला, हे कबूल करते. मला हवं होतं नेमकं तेच मिळालं होतं. ओढणाऱ्या, ओळखीच्या बैलाचा पाय.

चहा ठेवायला उठले आणि स्वयंपाकघरात मला एकदम आबांचं ते निदान आठवलं. सकाळी उभा राहतो, दुपारी चालतो. हा रोग असाच असतो. रात्रभर एका जागी उभं राहिलं की सांधा आखडतो, सकाळी पाऊल टाकताना जीव जातो, आणि चालून चालून तो थोडा सैल होतो. आबांनी ज्याला चोरीचा पुरावा मानलं, तोच दुखण्याचा पुरावा होता. मी परत येऊन उजवा मागचा पाय नीट बघितला. त्याची हाडं डाव्यापेक्षा जाड होती. तो बैल अंग चोरत नव्हता. एका पायाचं ओझं बाकीच्या तीन पायांवर घेऊन चालत होता, आणि तेही कित्येक वर्षं, कारण हाडं अशी एका हंगामात जुळत नाहीत. आणि उजाडायच्या आत त्याला फिरवून आणणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच.

पुढचा आठवडा मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. एका बाजूला तात्यांना दिलेला शब्द होता. दुसऱ्या बाजूला तात्यांना चिकटलेला शब्द होता, आणि तो सोडवायचा पुरावा माझ्या टेबलावर पडला होता. सांगावं तर एका माणसाचा विश्वास जातो, न सांगावं तर दोन म्हातारे एकाच अंगणात पाठ करून मरतात. मला चीड आली ती तात्यांचीच. निरपराध माणसानं गप्प का बसावं?

शनिवारी तो सांधा फडक्यात गुंडाळून गावाला गेले. दिलेल्या शब्दाप्रमाणे आधी तात्यांकडं. ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. मी फडकं सोडलं. त्यांनी हाड हातात घेतलं नाही, नुसतं बोट त्या वाढलेल्या कडेवरून फिरवलं, जनावराच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवतात तसं. मी त्यांना सगळं सांगितलं. पांढरीवरच्या बैलाचंही सांगितलं, की तोही असाच लंगडा होता आणि तरी पुष्कळ वर्षं जगला, म्हणजे तेव्हाही कुणीतरी त्याला बसवून खायला घातलं असणार. ते ऐकून तात्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी विचारलं, “ऊस वडूनच झालं न्हवं ह्ये?”

मला खोटं बोलता आलं असतं. वयानं होतं म्हणाले असते तर तेही अगदीच खोटं नव्हतं. पण हाडासमोर मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणाले, बऱ्याच अंशी ऊस ओढूनच. तात्यांनी मान हलवली.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. हाडं त्यांनी दिलेली आणि निकाल मात्र लेकीनं परस्पर तिकडं नेलेला, हे त्यांना सहन झालं नसणार. नऊ वर्षांत ते पहिल्यांदाच त्या बाजूला आले होते. तात्या उठून उभे राहिले, थोरला भाऊ आला की उठायचं म्हणून.

“काय निघालं?” आबांनी मला विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. नको, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मी त्यांना दिलेला शब्द मोडला. मला त्याचं वाईट वाटलं आणि तरीही मी मोडला. आबांच्या हातात हाड दिलं आणि म्हणाले, “आबा, तो अंगचोर नव्हता. लंगडा होता.”

आबांनी वाद घातलाच. लंगडं जनावर दुपारी कसं चालेल, असं काहीतरी. मी सकाळच्या आखडण्याचं समजावलं, गुडघे धरून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं उदाहरण दिलं. ते स्वतः रोज सकाळी पलंगाची दांडी धरूनच उठतात, ते मी बोलले नाही. त्यांनी हाड उलटसुलट केलं, चष्मा वर करून बघितलं, पुन्हा बघितलं. मग माझ्याकडं न बघता भावाला विचारलं, “मला का बोलला न्हाईस?”

“बोललो असतो तर तुमी त्येला बाजार दावला असता.”

“व्हय,” आबा म्हणाले. “दावला असता.”

“मग? मला अंगचोर म्हनलासा, मी मेलो का? त्येला लंगडा म्हनलं असतं तर त्यो गेला असता.” तात्या एवढं बोलतात, हेच मला नवीन होतं. मग ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “आन् त्येला लंगडा क्येला म्याच. एका खेपंचं जनावर, मी दोन खेपा वडल्या त्येच्याकडनं. पाच हंगाम. म्हनून म्हनलं, लागू दे मला नाव.”

“दोन खेपांचं मी सांगितलं हुतं,” आबा म्हणाले. “फोनवरनं.”

“तुमी सांगितलं, पर बैलाचा पाय मला दिसत हुता.”

मी विचारलं, कसल्या दोन खेपा? दिवसाला एक खेप पुरे असताना दुसरी कशाला?

नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडं नीट बघितलं, आणि तेही मला काय सांगायचं ते ठरवायला. तात्यांनी मान हलवून नको म्हटलं. आबांनी ऐकलं नाही.

“तुझं पुन्याचं हॉस्टेल,” ते म्हणाले. “माझा पगार समदा विहिरीच्या कर्जात जात हुता.”

पाच वर्षं मी पुण्यात होते. पहिल्याच वर्षी आम्हाला बैलाच्या पायाची हाडं पाठ करायला लावली होती, आणि मी ती वर्गात सगळ्यांच्या आधी पाठ केली होती, शेतकऱ्याची पोर म्हणून मिरवत. आणि पुढं नोकरीतनं सुट्टीला आल्यावर त्या बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला अंगचोर म्हणणाऱ्यांत मीही होते. मी गोठ्यातच खाली बसले आणि रडले, आणि दोघांपैकी कुणी मला उगी म्हणालं नाही.

बऱ्याच वेळानं तात्यांनी विचारलं, की ही दुसऱ्या खेपेची गोष्ट हाडात दिसली नव्हती ना. मी नाही म्हणाले.

“मग लिवू नको,” ते म्हणाले. “जे हाडात न्हाई ते कशाला लिवायचं.”

आबांनी ते हाड फडक्यात पुन्हा गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि भावाच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. मी उठून आत चहा सांगायला गेले.

आता तो पाय साताऱ्यात माझ्या कपाटात आहे. प्रत्येक पेटीला एक छापील चिठ्ठी लावायची असते. जात, बाजू, काम. मी भरली आहे: खिल्लार, मागचा डावा, ऊस ओढला. कुणासाठी ओढला, याला त्या चिठ्ठीत रकाना नाही.